अंथरुणावरच आंघोळ घालायची आहे, पुसून नव्हे, पाणी ओतून. कोणी केलंय का?

मालवी_सून, इंदूर
२१ सप्टेंबर, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय ८२. मागच्या माघात पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजतं सगळं. शब्द मात्र चार-पाचच येतात: हो, नको, अगं, आणि पाणी.

त्या 'पाणी'साठीच हा धागा. दोन महिने ते पाणी म्हणाले की आम्ही पेला पुढे करत होतो. ते मान फिरवायचे, परत पाणी म्हणायचे, चिडायचे. आम्हाला वाटायचं, गिळायला त्रास होतो म्हणून चिडतात. एक दिवस मी पातेल्यात पंचा पिळून त्यांचं अंग पुसत होते. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट बाजूला सारलं, पातेल्यात हात घातला आणि ओंजळभर पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतलं. उशी भिजली. माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

हा माणूस ६० वर्षं पहाटे पाचला आंघोळ करत आला. 'गंगे च यमुने चैव' मोठ्याने म्हणत तांब्यामागून तांब्या. आमच्या नळाला जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी. नातवंडांना ते सांगायचे, बाकीच्या नद्यांना बोलवावं लागतं, नर्मदा मात्र आपण होऊन घरी येते. त्या माणसाला सात महिने आम्ही फक्त पुसतोय.

अडचण अशी. आमचं लोकमान्य नगरमधलं घर जुनं आहे, न्हाणीघराचं दार जेमतेम दोन फुटी, चाकाची खुर्ची आत जात नाही. शिवाय नाना पाच मिनिटं बसले तरी रक्तदाब उतरतो. दोनदा घाम फुटून मान टाकली, तेव्हापासून डॉक्टरांनी न्हाणीघरात बसवायचं नाही असं बजावलंय. एका एजन्सीकडून मदतनीस ठेवला होता, पण दर आठवड्याला नवा माणूस यायचा आणि नाना त्या नव्या हातांना इतके बिचकायचे की ते आम्ही बंद केलं. आता मी आणि हे, दोघंच.

ऑनलाइन पलंगावर ठेवून फुगवायचे टब दिसतात, बादलीत टाकायचा चार्जिंगचा शॉवर दिसतो. कोणी खरंच वापरलंय का? पलंगावर पडल्या पडल्या माणसाच्या अंगावरून पाणी घालता येतं का?

स्पष्टवक्ता, पुणे
२१ सप्टेंबर, रात्री ११.३५

ताई, तुमची तळमळ पोचली. पण मी उलट बाजू मांडतो, राग मानू नका.

माझे वडील तीन वर्षं अंथरुणावर होते. रोज स्पंज केला, एक जखम होऊ दिली नाही. पाणी ओतायच्या भानगडीत गादी ओली राहिली, पाठीखाली दमट राहिलं, तर तीच कातडी फाटते. मी एक यंत्र भाड्याने आणून पाहिलं होतं. त्याच्या तोंडातून पाणी सुटतं आणि शेजारच्या फटीतून तेच पाणी ओढून घेतलं जातं, गादीवर थेंब पडत नाही म्हणतात. मांडीवर, पाठीवर खरंच पडत नाही. पण बरगड्या, कोपर, खुबा इथे ते तोंड कातडीला सपाट टेकत नाही आणि कडेने गळतं. आवाजही मोठा, वडील घाबरायचे. चार दिवसांत परत केलं. उपकरणांवर पैसे घालण्याआधी दहादा विचार करा.

मालवी_सून, इंदूर
२२ सप्टेंबर, सकाळी ६.१०

दादा, राग कसला. यंत्राचा अनुभव लिहिलात ते बरं झालं, तसल्या यंत्राकडे मी वळणारच होते.

पण नानांच्या कातडीला काही झालेलं नाही. स्वच्छता होतेय. त्यांना आंघोळ हवी आहे. बाकी काहीच ते मागत नाहीत.

जुनी_सिस्टर, इंदूर
२२ सप्टेंबर, दुपारी ३.२०

मालवी_सून, हे होतं. नक्की होतं. मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात काढली, त्यातली निम्मी पुरुषांच्या वॉर्डात, म्हणून सविस्तर लिहिते.

फुगवायचा टब ही काही नवी जादू नाही. आम्ही नर्सिंग शिकत होतो तेव्हापासून केली पॅड वापरतोय, पेशंटचं डोकं धुवायला. रबरी चटई, तीन बाजूंना हवा भरलेली कड, चौथ्या बाजूला लांब जीभ आणि ती जीभ पलंगाखालच्या बादलीत. पॅड रिकामं नसलं की आम्ही चादरीची जाड गुंडाळी मेणकापडाखाली घालून घोड्याच्या नालासारखी कड करायचो, काम तेच व्हायचं. तुमचा टब म्हणजे हेच, फक्त मानेऐवजी टाचेपर्यंत. हवा भरलेल्या वस्तूवर खर्च करायचा नसेल तर दवा बाजारातून जाड रबरी शीट घ्या आणि दोन रजयांच्या वळकट्या तिच्याखाली दोन्ही बाजूंना घाला.

पाणी आणणं सोपं असतं, काढणं अवघड. सगळी अक्कल तिथे लावायची. टब भरायचा नाही, कितीही मोह झाला तरी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटर भरलंत तर पलंगावर नाना अधिक एक क्विंटल. पाणी अंगावरून वाहायचं आणि लगेच बाहेर पडायचं. एवढ्याला बारा-पंधरा लिटर पुरतं.

पाण्याची ऊब ३८ ते ४० अंश. लहान बाळांच्या आंघोळीचा थर्मामीटर मिळतो तो आणा. तो हाती नसेल तेव्हा कोपर बुडवून बघा, तळहात नको, स्वयंपाकघरात राबलेला तळहात निबर झालेला असतो. नानांना उजव्या अंगाला चटका कळेलच असं नाही आणि कळला तरी सांगता येणार नाही. तेव्हा पहिली धार नेहमी डाव्या हातावर. त्यांनी मान डोलावली की पुढे.

विजेचं बजावून सांगते. पाणी रॉडने तापवत असाल तर आधी प्लग काढा, मग रॉड बाहेर काढा, मगच बादली खोलीत येऊ द्या. हवेची गादी असेल तर तिच्या पंपाचा प्लग काढा आणि नळ्यांना बूच लावा. टब फुगवायचा पंप काम झालं की खोलीबाहेर. चार्जिंगचा शॉवर वायर लावलेली असताना पाण्यात टाकायचा नाही, एक मिनिटसुद्धा नाही.

खाऊन तासभर झालेला हवा. नळीतून अन्न असेल तर डोकं पूर्ण सपाट करायचं नाही. लघवीची पिशवी असेल तर ती कमरेच्या खालीच राहिली पाहिजे, कूस वळवताना उचलून पलंगावर ठेवतात लोक, तसं नको. पंखा बंद, खिडक्या बंद. जो भाग धुताय तेवढाच उघडा, बाकी पंचा. आधी डोळे साध्या पाण्याने, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर. मग चेहरा, हात, छाती, पोट, पाय, पाठ आणि शेवटी खालची जागा, त्यासाठी कापड वेगळं. साबण थोडा. म्हाताऱ्या कातडीला रोजचा साबण सोसत नाही, कातडीचा स्वभाव किंचित आम्ल आणि आपल्या वड्या अल्कधर्मी. आठवड्यातून दोनदा अशी आंघोळ, बाकी दिवस चेहरा, काखा आणि जांघा पुसल्या तरी पुष्कळ.

पुसताना घासायचं नाही, टिपायचं. काखेत, जांघेत, पायाच्या बोटांमध्ये ओल राहिली की नायटा आलाच. पावडर मुळीच नको, ओलीत तिचे खडे होतात आणि तेच टोचतात. अंग दमट असतानाच खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा.

आंघोळीचं निम्मं काम डोळ्यांचं असतं. माकडहाड, दोन्ही टाचा, खुबे, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, एवढ्या जागा दर वेळी बघायच्या. लाल दिसलं तर बोटाने दाबा आणि सोडा. पांढरं पडून परत लाल झालं तर भार काढल्यावर उतरतं. दाबूनही लालच राहिलं तर ती जखमेची पहिली पायरी. तिथे चोळायचं नाही, त्या कुशीवर निजवायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

स्पष्टवक्ता, तुमची ओलीची भीती खरी आहे. म्हणून तर काढायच्या पाण्याचं एवढं सांगितलं.

निमूट_वाचक
२२ सप्टेंबर, संध्याकाळी ५.०२

वाचनखूण साठवली. घरी आजी आहे.

दांडियाबाजारकर, वडोदरा
२२ सप्टेंबर, रात्री ९.४५

सिस्टरबाईंच्या शब्दाबाहेर नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, फक्त हलवण्या-वळवण्याबद्दल लिहितो.

टब अंगाखाली सरकवायचा तर माणूस उचलायचा नाही, कुशीवर वळवायचा. टब हवा न भरता लांबीत गुंडाळा. नानांना डाव्या कुशीवर वळवा, गुंडाळी पाठीला चिकटवून ठेवा, परत उताणं करून दुसऱ्या बाजूने थोडं वळवा आणि गुंडाळी उलगडत ओढून घ्या. हवा त्यानंतर भरायची. वळवताना त्यांचा उजवा गुडघा वाकवा, एक हात खुब्यावर, एक खांद्याच्या पात्यावर. लुळा हात धरून कधीही ओढू नका. झटक्यानंतर त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा खाली उतरतो आणि मग ते दुखणं वर्षानुवर्षं जात नाही. घरोघरी हीच चूक होते, प्रेमापोटीच होते.

सदरा काढताना आधी चांगला हात, घालताना आधी लुळा हात. समोरून पूर्ण उघडणारे, नाडीचे सदरे शिवून घ्या.

तुमची पाठही जपा. पलंग कमरेच्या उंचीचा नसेल तर एक गुडघा पलंगावर टेकून काम करा.

आणखी एक. 'गंगे च यमुने' वाचून लिहावंसं वाटलं. बोलणं गेलेल्या पुष्कळ लोकांना पाठ असलेलं येतं, आकडे, वार, आरती, श्लोक. मनातलं सांगायचं बोलणं अडतं तरी तोंडात बसलेलं कधी कधी सुटं राहिलेलं असतं. आंघोळीच्या वेळी म्हणून पाहा. घाई करू नका आणि 'म्हणा, म्हणा' असा आग्रह तर नकोच.

सैतामातून
२३ सप्टेंबर, सकाळी ७.३०

मी जपानमध्ये राहते. इथे घरी येऊन आंघोळ घालून जातात, ती सेवाच आहे. एप्रिल २००० पासून इथे वृद्धांच्या काळजीचा सरकारी विमा सुरू झाला, त्यात ती धरलेली आहे. खर्चाचा थोडा भाग घरच्यांनी भरायचा, बाकी विम्यातून.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे मी हे बघितलंय. गाडीतून तीन माणसं येतात, त्यात एक नर्स. टब दोन तुकड्यांत आणतात आणि पलंगाशेजारीच जोडतात, दोन तातामींएवढी (इथल्या जमिनीवर अंथरायच्या चटया, एकेक माणूसभर लांब) जागा पुरते. पाणी गाडीतल्या बॉयलरमध्ये तापतं, पाइपाने खिडकीतून आत येतं. आधी नर्स ताप, नाडी, रक्तदाब बघते. ताप असला तर टबात घालत नाहीत, अंग पुसून परत जातात. सगळं ठीक असलं तर जाळीच्या झोळीत निजवून टबात उतरवतात. पाण्यात साधारण दहा मिनिटं, पण येण्यापासून जाण्यापर्यंत पाऊण तास सहज. आंघोळीनंतर परत रक्तदाब.

तुमच्याकडे तीन माणसं नाहीत, बॉयलर नाही. पण एक गोष्ट उचलता येईल. आजोबांच्या छातीवर एक मोठा टॉवेल अंथरलेला असतो आणि एक जण सारखं त्या टॉवेलवर गरम पाणी घालत राहतो. त्यामुळे अंग गारठत नाही आणि झाकलेलंही राहतं. आणि हो, आधी-नंतर रक्तदाब तुम्हीही घ्या. घरातलं यंत्र असेलच.

मालवी_सून, इंदूर
५ ऑक्टोबर, दुपारी ४.१५

टब आणि बादलीत टाकायचा चार्जिंगचा शॉवर, म्हणजे पाण्याचा पंप, आले. टब सहा हजारांच्या आत, पंप अठराशेला. काल पहिली आंघोळ घातली. चुकली. जसं झालं तसं सांगते.

वळवणं उत्तम जमलं, दांडियाबाजारकर दादांनी सांगितलं तसंच केलं. टब तीन-चार मिनिटांत फुगला. पाणी ४० अंश मोजून घेतलं. पहिली धार डाव्या हातावर धरली तेव्हा नानांनी डोळे मिटले आणि हात वळवून तळहात वर केला. मला भरून आलं.

पण टबाचं पाणी जायचं भोक पायाकडे आणि गादी मध्ये दबलेली. नानांचं वजन ७४ किलो, ते कमरेशी खाली बसलेले. पाणी पायाकडे गेलंच नाही, सगळं कमरेखाली साचलं. आणि साचलेलं पाणी गार होतं, हे माझ्या लक्षात उशिरा आलं. वरून ऊन पाणी, खाली गार डबकं. नाना कुडकुडायला लागले, "नको, नको" सुरू झालं. यांनी घाईने टबाची कड दाबून पाणी बाजूने काढलं, ते गादीवर, जमिनीवर. रात्री एक वाजेपर्यंत गादी वाळवत होतो. नानांना ताप नाही, सर्दी नाही. पण आज सकाळी मी पंचा घेऊन गेले तर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

खूप वाईट वाटतंय.

लष्करवाला, ग्वाल्हेर
५ ऑक्टोबर, रात्री ८.३०

ताई, वाईट वाटून घेऊ नका, माझी पहिली वेळ याहून वाईट होती. माझी आई चार वर्षं अंथरुणावर आहे, घरात आम्ही दोघंच.

उपाय सांगतो. पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली एकेक वीट घाला, आडवी. तीन-चार इंच उतार मिळतो. पलंग हलवून बघा, डुगडुगला तर विटेखाली गोणपाट घाला. मग आंघोळीपुरती मऊ गादी काढून टाका आणि फळीवर फक्त सतरंजी दुहेरी करून तिच्यावर टब. अर्ध्या तासाने बिघडत नाही. मऊ गादीवर उतार टिकतच नाही. भोकाला पाइप जोडा, तो पलंगाखालच्या बादलीत, आणि पाइप कुठेही वर चढता कामा नये. वाटेत एक जरी कमान झाली तरी पाणी तिथेच थांबतं. वॉशिंग मशीनचा नागमोडी पाइप घेऊ नका, त्याच्या वळ्यांत मळ साचून वास येतो. आतून गुळगुळीत घ्या.

आता जे कोणी विचारत नाही ते. मी मुलगा, ती आई. पहिल्या वेळी तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानंतर आम्ही पद्धत ठरवली. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत जुन्या नऊवारीचा दुहेरी पदर अंगावर, तो कधीही निघत नाही. पाणी त्याच्यावरून, कापड त्याच्या आतून. मी फक्त डोकं, हात, पाय आणि पाठ. बाकीचं तिच्या हातात कापड देतो आणि मी खोलीबाहेर जातो, दार लोटून. ती हाक मारते तेव्हा येतो. तिला वेळ लागतो, कधी दहा मिनिटं लागतात. लागू देतो.

थंडीत आमच्याकडे पारा चार-पाचवर उतरतो, तेव्हा तासभर आधी खोलीत सिगडी ठेवून दार लावून घेतो, मग खोली ऊबदार मिळते.

जुनी_सिस्टर, इंदूर
५ ऑक्टोबर, रात्री ८.५५

लष्करवाला, बाकी सगळं सोन्यासारखं लिहिलंत, पण सिगडी आजच्या आज बंद. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. पेंगल्यासारखं वाटतं आणि माणूस उठत नाही. तुमच्या आईला तर उठून दारही उघडता येत नाही. तेलाचा विजेचा हीटर घ्या, पाण्यापासून चार हात लांब ठेवा, आणि आंघोळ सुरू करायच्या आधी बंद करून प्लग काढा. तेवढी ऊब पुरते.

लष्करवाला, ग्वाल्हेर
५ ऑक्टोबर, रात्री ९.१०

सिस्टरबाई, मला हे खरंच ठाऊक नव्हतं. सिगडी गच्चीवर नेऊन ठेवली. तुमचे उपकार झाले.

मालवी_सून, इंदूर
१२ ऑक्टोबर, रात्री ९.४०

झाली! आंघोळ झाली, आणि नानांना हवी होती तशी झाली.

विटा घातल्या. गादी काढली. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून पाण्याचाच दिवस धरला. पाइप दहा फुटी, थेट खाली बादलीत. आधी यांनी स्वतः टबात झोपून बघितलं आणि मी त्यांच्यावर पाणी घातलं. पाणी कमरेशी न थांबता पायाकडे गेलं तेव्हाच नानांना टबात घ्यायचं ठरवलं. हे मी सगळ्यांना सांगेन: आधी घरातल्या धडधाकट माणसाला निजवून बघा. पाणी कुठे साचतं, भोक कुठे टोचतं, गार कधी वाटतं, ते तो माणूस सांगू शकतो.

पंप मिनिटाला अडीच लिटर देतो, लिटरच्या भांड्याने मोजलं. म्हणजे बारा लिटरची आंघोळ पाच मिनिटांत उरकते. आम्ही थांबत थांबत वीस मिनिटांवर नेली. बादलीत सुरुवातीला ४० अंश होतं, शेवटी ३६. म्हणून पुढच्या वेळी बादलीवर झाकण, आणि किटलीत गरम पाणी बाजूला, मध्येच भर घालायला. भर घातली की ढवळून परत मोजायचं. सैतामातून ताईंची टॉवेलची युक्ती फार कामाची. छातीवर टर्किश टॉवेल आणि त्याच्यावर सतत धार, नाना एकदाही कुडकुडले नाहीत. रक्तदाब आधी १३२, नंतर १२६, वरचा.

डोकं धुतलं तेव्हाचं सांगते. सात महिन्यांत केसांच्या मुळाशी पांढरे पापुद्रे धरले होते, ते पुसून निघत नव्हते. मी एका हाताने मान धरली, यांनी पाणी सोडलं. पहिलं पाणी केसांवरून निसटून गेलं, आत शिरलंच नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी केस एकदम मऊ झाले, टाळूला चिकटले आणि खालून पिवळसर पाणी वाहिलं. नानांनी तोंड उघडं टाकलं होतं. मग त्यांनी लांब श्वास सोडला. त्यांचा इतका लांब श्वास मी झटक्यानंतर ऐकलाच नव्हता.

आणि श्लोक. आम्ही आग्रह केला नाही. पाणी घालताना हे सवयीने स्वतःशीच 'गंगे च यमुने चैव' पुटपुटत होते. नाना गप्प होते, पण ओठ हलत होते. शब्द नव्हते, चाल होती, घशातून येणारी. हे 'सन्निधिं' वर आले आणि घसा दाटून थांबले. तर नाना म्हणाले, "कुरु."

स्पष्ट. आम्ही दोघांनी ऐकलं.

दांडियाबाजारकर, वडोदरा
१२ ऑक्टोबर, रात्री १०.०५

वाचून अंगावर काटा आला. रोज म्हणा, आंघोळ नसेल त्या दिवशीसुद्धा. शेवटचा शब्द त्यांच्यासाठी मोकळा सोडत जा.

स्पष्टवक्ता, पुणे
१२ ऑक्टोबर, रात्री ११.५०

ताई, अभिनंदन. माझं म्हणणं मी मागे घेत नाही, जिथे दोन माणसं नाहीत तिथे स्पंजच बरा. एकट्याने हे करू नये, वळवताना माणूस पलंगावरून पडू शकतो.

पण तुमच्या डोकं धुण्याच्या मजकुराने झोप उडाली. वडील शेवटच्या वर्षी सारखे डोक्याला हात लावायचे. मी खोबरेल लावायचो. पाणी हवं असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

जुनी_सिस्टर, इंदूर
१३ ऑक्टोबर, सकाळी ६.४०

स्पष्टवक्ता, तीन वर्षं एक जखम होऊ दिली नाहीत. वॉर्डात असे नातेवाईक मी फार थोडे बघितले. एकट्याचं म्हणता ते अगदी बरोबर. वळवायला दोन माणसं हवीतच.

मालवी_सून, इंदूर
नरकचतुर्दशी, सकाळी ९.२०

मंडळी, दिवाळीच्या शुभेच्छा. घरात चकल्यांचा वास आहे, बाहेर फटाके, तरी आधी इथे लिहायला बसले.

आज नानांचं अभ्यंगस्नान झालं. पहाटे साडेपाचला, दिवे लावून. माळ्यावरून त्यांच्या आईचं तांब्याचं घंगाळ काढलं होतं, चिंचेने घासलं, आणि चार्जिंगचा पंप त्या घंगाळातच सोडला. तेल कोमट करून यांनी लावलं, लाल वाटेल तिथे न चोळता. उटणं मी मलमलीतून दोनदा चाळलं आणि दुधात सैल कालवलं, भरड राहिलं तर पातळ कातडी ओरखडते. तेही फक्त हातांना आणि छातीला. तेल आणि पाणी एकत्र आलं की माणूस हातातून निसटतो, म्हणून वळवायच्या आधी पाठ आणि खांदे नीट टिपून घेतले. ज्यांना करायचं असेल त्यांनी हे विसरू नका.

आमच्याकडे मूळची कोकणातली पद्धत, कारीट फोडायची. ते इंदुरात मिळत नाही, लहान काकडी ठेवतो. डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडतात, आणि नानांचा डावाच पाय चालतो. पायाशी काकडी धरली, त्यांनी दाबली, फुटली. नातू टाळ्या वाजवत नाचला.

शेवटचा तांब्या त्यांच्या हातात दिला, अर्धा भरून. बुडाला मी हात लावला होता. त्यांनी तो हळूहळू वर नेला आणि डोक्यावर उपडा केला. निम्मं पाणी माझ्या बाहीत गेलं. मग परत "पाणी" म्हणाले. घंगाळात तळाशी होतं तेवढं सगळं दिलं, तीन वेळा.

जुनी_सिस्टर, इंदूर
नरकचतुर्दशी, सकाळी १०.०५

शाब्बास गं पोरी. नानांना माझा नमस्कार सांग. टाचा बघितल्यास का?

मालवी_सून, इंदूर
नरकचतुर्दशी, सकाळी १०.२२

बघितल्या, सिस्टरबाई. डावी कोरडी, छान आहे. उजवी जरा लाल होती. दाबली, पांढरी पडली, परत लाल झाली. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली आहे, दुपारी परत बघते.